नवरीकडची माणसं

आर्लिस ट्वेटनचा आवाज सोल्वे गावात लहानथोर सगळ्यांच्या ओळखीचा होता. उभी हयात शाळेची पिवळी बस चालवलेली बाई. मागच्या बाकावर कुणी कुणाची टोपी ओढली की आरशात बघून ती अशी काही गरजायची, की रस्त्याकडेला मुलांना सोडायला आलेल्या आयासुद्धा दचकून ताठ उभ्या राहायच्या. उंच, हाडापेराने दणकट, आणि हसली की खिडक्यांच्या काचा थरथरतात, असं तिचा नवराच म्हणायचा. नवरा, ऑरिन, तिच्या अगदी उलट. गोठ्यांतली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा, आणि त्याचं दिवसभराचं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

तो ऑरिन ऑक्टोबरात गेला. जेवण झालं, ताटली उचलून मोरीत ठेवली, खुर्चीत बसला तो उठलाच नाही. दुखणं नाही, खुपणं नाही.

दफनाला सगळं गाव आलं. लोकांनी आणलेल्या हॉटडिशनी, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाच्या पसरट भांड्यांनी, फ्रीज भरला, शेजाऱ्यांचा फ्रीजही भरला. मग हळूहळू रिकामी भांडी परत गेली, आणि माणसंही आपापल्या कामाला लागली. आर्लिस चारच दिवसांत बसवर हजर झाली होती. फरक एवढाच, की तिचा आवाज गेला होता. घसा बसला नव्हता, ओरडायची इच्छाच मेली होती. मागे काय वाटेल तो धिंगाणा चालू दे, ती आपली समोरच्या रस्त्याकडे बघत राहायची. आठवड्याभरात मुलंच आपणहून शहाण्यासारखी बसायला लागली, आणि तिला त्याचं जास्त वाईट वाटलं.

रविवारी ती चर्चमध्ये अगदी शेवटच्या बाकावर बसायची, आणि शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत कोट घालून बाहेर. अशाच एका रविवारी मार्व्हल हाउगेनने तिला गाडीपाशी गाठलं. मार्व्हल सत्तरीची, बुटकी, आणि नाही हा शब्द आपल्यासाठी नाहीच अशा समजुतीत वाढलेली.

"आर्लिस, मंगळवारी संध्याकाळी काय करतेस?"

"काही नाही."

"मग ये चर्चच्या तळघरात. कॉफीचं मोठं भांडं आता माझ्याने उचलवत नाही."

"मार्व्हल, मंगळवारी तळघरात काय चालतं ते मला ठाऊक आहे. मी काही तुझ्या त्या रडक्या मंडळात बसायची नाही."

"बस कोण म्हणतंय? भांडं उचल म्हणतेय."

मार्व्हलचा मुलगा, किप, ऐन पंचविशीत धान्याच्या कोठीत गुदमरून गेला होता. त्यानंतर लोक तिला भेटायला यायचे आणि काहीबाही बोलून जायचे. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, काळ हेच औषध, तुला अजून दोन मुलं आहेत ना. मार्व्हल म्हणायची, एकही माणूस दुष्ट नव्हता, पण एकालाही मी दाराबाहेर ढकललं नाही ही येशूची कृपा. शेवटी तिने पास्टरला सांगून तळघर मागून घेतलं. शिकवायला पास्टर नको, समजवायला डॉक्टर नको. ज्याचं माणूस गेलंय त्याच्याशेजारी, ज्याचं माणूस गेलंय त्यानेच बसायचं. सुरुवातीला प्रार्थना, शेवटी एखादं गीत, मध्ये बोलावंसं वाटलं तर बोला, नाही तर गप्प बसा. नियम एकच. 'तो आता जास्त चांगल्या जागी आहे' किंवा त्या जातीचं काहीही जो बोलेल, त्याने सगळ्यांचे कप घासायचे. एकदा पास्टरसाहेब सहज डोकावायला आले आणि बोलून बसले. त्यांनीही निमूटपणे बाह्या सरसावल्या.

आर्लिस आली. भांडं उचललं, कॉफी केली, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्या मंगळवारी मार्व्हलने एक खुर्ची तिच्या मागे नुसती सरकवून ठेवली. बसमध्ये दिवसभर बसणाऱ्या बाईला उभं राहायची सवय नसते. ती बसली.

"मी प्रार्थना वगैरे करणार नाही हं," ती पुटपुटली. "माझं आणि त्याचं सध्या जमत नाही."

"नको करूस," मार्व्हल म्हणाली. "आम्ही करतो, तू कॉफी पी."

त्या खुर्च्यांत गेलन ऑस्टबी असायचा. टर्कीपालन करणारा, पंचाहत्तरीला टेकलेला म्हातारा. बायको आयोनी उन्हाळ्यात गेली होती. आणि जनेसा असायची, जनावरांच्या दवाखान्यात काम करणारी पोर. तिला एकटीने वाढवलेली तिची आई, डार्ला, वसंतात कॅन्सरने गेली. आणखी दोघं-तिघं येऊन-जाऊन असत.

एका मंगळवारी गेलन बराच वेळ टोपी फिरवत बसला आणि मग एकदम म्हणाला, "मला एक सांगायचंय. पण तुम्ही मला वेड्यात काढाल."

"काढलं तर काढलं," मार्व्हल म्हणाली. "बोला."

"आमच्याकडे तिचा पोपट आहे. राखाडी. बिशप नाव. तर मी बाहेरून आलो की तो ओरडतो, 'गेलन, बूट!' अगदी तिच्या आवाजात. तस्साच वैतागलेला. आणि मी... मी बूट काढतो." त्याने टोपी पुन्हा एकदा फिरवली. "काल तर पायात बूट नव्हतेच. मोज्यांवर होतो. तरी मी म्हणालो, 'काढले गं बाई, काढले!'"

जनेसाने खाली मान घातली. आणि भिंतीकडच्या खुर्चीतून एक हसू फुटलं. छोटंमोठं नव्हे, काचा थरथरवणारं. आर्लिसने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. चेहरा लालबुंद. आपण कुणाच्या दुःखाला हसलो, आणि आपल्या घरी ऑरिनची टोपी अजून खुंटीला आहे, या विचाराने ती मेल्याहून मेल्यासारखी झाली.

"माफ करा, गेलन. मला अजिबात..."

पण गेलनचेच खांदे हलायला लागले होते. "हसा हो, हसा! आयोनी असती तर लोळली असती. परवा मी त्याला म्हटलं, बाबा रे, दुसरं काहीतरी बोल. तर म्हणतो कसा, 'मफलर!'"

मग मात्र कुणालाच आवरेना. मार्व्हलने चष्मा काढून ठेवला. जनेसा पोट धरून वाकली. आणि हसता हसता आर्लिसचं काय झालं कोण जाणे, ती रडायला लागली. दफनातसुद्धा न रडलेली बाई हमसून हमसून रडली.

"रोज पहाटे ऑरिन माझी बस गरम करून ठेवायचा," ती म्हणाली. "अंगणात उभी असते ना ती. मी बाहेर यायच्या आत काचा खरवडलेल्या, इंजिन चालू, सीट ऊबदार. इतक्या वर्षांत मला एकदाही करू दिलं नाही. आता मी पहाटे बसते आणि सीट गारढोण असते. बाकी सगळं मी सोसलं हो. पण त्या गार सीटचं काय करू?"

जनेसाने तिचा हात हातात घेतला. गेलन म्हणाला, "तो आता..." आणि जीभ चावून थांबला. "नको. कप फार आहेत आज."

मार्व्हलने डोळे मिटले. "देवा," ती म्हणाली, "आर्लिसची सीट गार असते. तुला माहीतच आहे. आमेन."

आर्लिसला नंतर कुणी विचारलं की ती सांगायची, इतकी छोटी प्रार्थना मी जन्मात ऐकली नव्हती, आणि इतकी थेट पोचलेलीही. सीट काही गरम झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये मागून किंकाळी आली तेव्हा तिच्या तोंडून आपसूक निघालं, "ए! टोपी दे त्याची परत!" आणि मग मुलांनी टाळ्या वाजवल्या.

जानेवारीत जनेसाने लग्नाचा विषय काढला. लग्न ठरलेलं सगळ्यांना माहीत होतं. मुलगा एफ्राइन बरागान, टर्कीच्या मांसाचा कारखाना आहे त्या शेजारच्या मोठ्या गावातला. डार्लाने आजारपणातच त्याला पसंत केला होता. तारीख ऐन फेब्रुवारीतली, कारण एफ्राइनची आजी तेव्हाच मेक्सिकोहून येऊ शकत होती. पण त्या मंगळवारी पोरीचा चेहरा उतरलेला होता.

"एफ्राइनची आई, ओफेलिया, दर दोन दिवसांनी विचारते, तुझ्याकडची माणसं किती? त्यांची दोनशे आहेत. त्या बेताने मक्याच्या पिठाच्या तामाले उकडायच्यात तिला. तर मी..." जनेसाने ओठ चावला. "मी तीस म्हणाले."

"आणि आहेत किती?" मार्व्हलने विचारलं.

"एक मावशी. अॅरिझोनात असते. तिचं कंबरेचं ऑपरेशन झालंय, ती येत नाहीये."

"म्हणजे एकही नाही," गेलन म्हणाला.

"गेलन!"

"मी आपली वजाबाकी केली."

"पण तीस कशाला म्हणालीस गं?" आर्लिसने विचारलं.

"लाज वाटली. दहा म्हणणार होते, तोंडातून तीस निघालं. चर्चमध्ये नवरीकडचे सगळे बाक रिकामे दिसणार. आई असती तर एकटीनेच पाच माणसांएवढी बडबड केली असती." आणि तिचे डोळे भरून आले.

मार्व्हलने मांडीवर हातांची घडी घातली. "तीसच ना? मला वाटलं शंभर म्हणालीस की काय."

दुसऱ्या दिवसापासून मार्व्हलचा फोन गरम झाला. इतक्या वर्षांत त्या तळघरात जे जे म्हणून बसून गेले होते, त्या प्रत्येकाला तिने फोन लावला.

"अगं पण मी नवरीला ओळखत नाही," एक बाई म्हणाली.

"लग्नातच तर होतात ओळखी. आहेर आण आणि चांगले कपडे घाल."

त्याच मंगळवारी निघताना जनेसा गेलनजवळ घुटमळली होती. "गेलन, मला चर्चमध्ये हात धरून तुम्ही न्याल का?"

गेलनने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. "सूट आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "आयोनीच्या दफनाला घातलेला. त्यालाही एकदा बऱ्या ठिकाणी न्यायलाच हवं."

लग्नाच्या आदल्या दिवशी आर्लिस आणि मार्व्हलने चर्चच्या स्वयंपाकघरात लेफ्सेची चळत लावली. उकडलेल्या बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या सोल्वेत लग्नाला नसतील तर लग्न लागलं असं कुणी मानत नाही. बाहेर संध्याकाळपासून वारा सुटला होता. शनिवारी सकाळी तो थांबला, ऊनही पडलं, पण रस्ते कुठे गेले ते कळेना. कुंपणांच्या टोकाएवढं बर्फ साचलं होतं. लग्न एफ्राइनच्या गावच्या चर्चमध्ये होतं, आणि जनेसा आधीच तिकडे पोचली होती. मार्व्हलचा फोन आला तो रडवेल्या आवाजात, आणि मार्व्हलचा तसा आवाज आर्लिसने पहिल्यांदाच ऐकला.

"कुणाचीच गाडी निघत नाही गं. पोरीला काय सांगू?"

आर्लिसने खिडकीतून अंगणात पाहिलं. बस उभी होती, टपावर बर्फाची गादी घेऊन.

"काही सांगू नकोस," ती म्हणाली. "बूट घालून तयार राहा."

तिने फोन लावला तेव्हा शाळेच्या गाड्यांचं बघणारा डेल्बर्ट अजून अंथरुणात होता. "शनिवारी? या असल्या रस्त्यांवर? कशाला बस?"

"लग्नाला. नवरीकडची माणसं आहेत."

"कुणाची नवरी?"

"आमची," आर्लिस म्हणाली.

डेल्बर्टने सुस्कारा सोडला. त्याने एवढंच केलं की रॉडनीला फोन लावला. रॉडनी सरकारी प्लाऊ चालवायचा, रस्त्यांवरचं बर्फ बाजूला सारायचा. दोन वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हा तोही तळघरात सबंध हिवाळा बसला होता, एक शब्द न बोलता. "तो रस्ता मला तसाही साफ करायचाच होता," तो म्हणाला. "मागे मागे या."

आर्लिसने स्वतः काचा खरवडल्या. सीट गार होती. ती तशीच बसली आणि किल्ली फिरवली.

पुढे प्लाऊ, मागे पिवळी बस. दर वळणावर, दर शेताच्या तोंडाशी माणसं उभी. नवे कपडे, वर जाडजूड कोट, पायात गुडघ्यापर्यंत बूट, हातात आहेराची खोकी. आर्लिस दार उघडायची आणि सवयीने म्हणायची, "पाय झटका. मागे सरका. रांगेत." ऐंशी वर्षांचा एक गृहस्थ मांडीवर केक घेऊन मागच्या बाकावर बसला आणि कुणाशी तरी बोलायला उठून उभा राहिला.

"हॉवर्ड! बस चालू असताना उभं राहायचं नाही!"

"सॉरी, मॅडम," हॉवर्ड म्हणाला, आणि सगळी बस खिदळली. मग मार्व्हलने गीत धरलं. बायका वरच्या पट्टीत, पुरुष आपापल्या पट्टीत. आर्लिस रविवारी ज्या गीताआधी उठून जायची तेच ते गीत होतं. या वेळी तिला उठून जाता येणार नव्हतं, बस तीच चालवत होती. तिसऱ्या कडव्याला ती गायला लागली.

पोचायला तासाभराचा उशीर झाला. तिकडे वादकांना येत होतं तेवढं सगळं दोनदा वाजवून झालं होतं. फादर दोनदा घड्याळ बघून गेले होते. ओफेलिया मात्र चर्चच्या दारात रेशमी कपड्यांवर नवऱ्याचा कोट पांघरून उभी होती आणि प्रत्येकाला सांगत होती, "येतील. मुलीने सांगितलंय, येतील." प्लाऊ वळला, मागे बस दिसली, तशी तिने आत बघून हाक दिली, आणि बरागानांकडचे वीस-पंचवीस पुरुष फावडी घेऊन बाहेर धावले. बसच्या पायरीपासून चर्चच्या दारापर्यंत त्यांनी बघता बघता वाट काढली. एकेक म्हातारी त्यांच्या हाताला धरून, लाजत, हसत खाली उतरली.

ओफेलियाने नजरेनेच माणसं मोजली आणि नवरीच्या खोलीत जाऊन म्हणाली, "तीस कुठे गं? ही तर जास्तच आहेत!"

जनेसा गेलनच्या हातात हात घालून आत आली तेव्हा डावीकडचे बाक भरलेले होते. पहिल्या बाकावर एक जागा रिकामी, तिथे डार्लाचा फोटो. त्याच्या एका बाजूला मार्व्हल, दुसऱ्या बाजूला आर्लिस. गेलन इतका ताठ चालला की पाहणाऱ्याला वाटावं लग्न त्याचंच आहे. मुलीचा हात एफ्राइनच्या हातात देऊन तो बाकावर येऊन बसला आणि आर्लिसच्या कानाशी कुजबुजला, "मी रडलो तर कोपर मारा." तिने मारलं. दोघंही रडत होते.

जेवणाच्या हॉलमध्ये मग खरी धमाल सुरू झाली. एफ्राइनच्या आजीने, दोन्या कूकाने, जन्मात पहिल्यांदा बर्फ पाहिलं होतं आणि ते तिला मुळीच पसंत पडलं नव्हतं. लेफ्से मात्र तिने आपल्याकडच्या मक्याच्या पोळीसारखी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, वास घेतला, एक तुकडा तोडला. नातीने तिचं बोलणं इंग्रजीत सांगितलं: "आजी म्हणतेय, ही टॉर्टिया आजारी आहे का? एवढी पांढरी का?"

"बटाट्याची आहे म्हणावं," मार्व्हल म्हणाली. "लोणी-साखर लावून खायची."

दोन्या कूकाने लोणी-साखर लावून खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मग चळतच आपल्याजवळ ओढून घेतली.

ओफेलिया आर्लिसशेजारी येऊन बसली. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं, आर्लिसचं स्पॅनिश शून्य. "तुम्ही नवरीच्या कोण? आत्या?"

आर्लिस अडखळली. शेजारीण म्हणावं तर शेजारीण नाही. मैत्रीण म्हणावं तर वयात केवढं अंतर. शेवटी जे खरं तेच तिने सांगितलं. "आम्ही दर मंगळवारी एकत्र रडतो."

ओफेलियाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने पुतणीला बोलावलं. पुतणीने स्पॅनिशमध्ये सांगितलं, आर्लिसने आणखी थोडं सांगितलं, ऑरिनचं, पोपटाचं, कप घासायचंही. ओफेलिया हसली, आणि हसताना तिने आर्लिसचा हात घट्ट धरला. सोडेना. तिचा धाकटा भाऊ तिकडे मेक्सिकोत वारला होता, आणि तिला दफनाला जाता आलं नव्हतं. घरात कुणी त्याचं नाव काढत नव्हतं, तिला त्रास होईल म्हणून.

"काय नाव त्याचं?" आर्लिसने विचारलं.

"चेमा," ओफेलिया म्हणाली, आणि मोठ्याने पुन्हा म्हणाली, "चेमा."

तेवढ्यात वादकांनी काहीतरी असं भन्नाट वाजवायला घेतलं की ओफेलियाने डोळे पुसले आणि आर्लिसला उभं केलं.

"मला नाचता येत नाही! आम्ही लूथरन पंथाचे, आमच्यात नाचत नाहीत!"

"चल गं!"

ऑरिनबरोबर ती कधी नाचली नव्हती. त्याला लाज वाटायची आणि तिला त्याची लाज सांभाळायची सवय झाली होती. त्या दुपारी ती एफ्राइनच्या काकाबरोबर नाचली, ओफेलियाबरोबर नाचली, हॉवर्डबरोबर नाचली. तिचा पाय कुणाकुणाच्या पायावर पडला याची गणती नाही. मध्येच ऑरिनची आठवण उसळून आली. ती थांबली, एक श्वास घेतला आणि पुन्हा नाचायला लागली. उजेड आहे तोवर निघायला हवं म्हणून रॉडनी तीनदा बोलवायला आला. तिसऱ्यांदा तोही नाचात ओढला गेला.

पुढच्याच मंगळवारी ओफेलिया पुतणीला घेऊन तळघरात आली, गोड पावांची टोपली घेऊन. महिन्याभरात कारखान्यातल्या आणखी दोघी आल्या. आता प्रार्थना दोन भाषांत होते, आणि कप घासायचा नियम स्पॅनिशमध्येही लागू आहे. तिकडेही लोक तेच बोलतात म्हणे. मार्व्हलचे गुडघे गेल्यापासून मंडळ आर्लिसच चालवते. प्रार्थना अजून तिला लांब जमत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात दोन्या कूकाच्या नव्वदाव्या वाढदिवसाला ओफेलियाने आर्लिसला मेक्सिकोतल्या आपल्या गावी ओढूनच नेलं. शेजारच्या राज्यापलीकडे कधी न गेलेली आर्लिस विमानात बसली. आठवड्याने मार्व्हलने फोन केला.

"कशी आहेस? कंटाळलीस का?"

मागे कुत्री भुंकत होती, कुणीतरी गात होतं, बायकांचा हसण्याचा गलका होता.

"नाक सोलवटलंय माझं उन्हाने," आर्लिस ओरडली. "इथे एक बाई आहे, मागच्या महिन्यात नवरा गेला तिचा. आम्हाला एकमेकींच्या बोलण्यातलं एक अक्षर कळत नाही, पण रोज सकाळी ओट्यावर बसतो. आणि ऐक, मार्व्हल, या मंगळवारी मंडळ तूच बघ. मी एवढ्यात येत नाही!"